पहिला जुना पाइप हाती आला की

घाई करू नका. तंबाखू ओढायचा जुना लाकडी पाइप साफ करून चमकवायचा असेल, तर आधी देठीवरचा, म्हणजे वाडगा आणि नळी यांना जोडणाऱ्या लाकडी दांड्यावरचा शिक्का भिंगातून वाचा. डनहिल या इंग्लिश कंपनीच्या पाइपवर त्या शिक्क्यातल्या आकड्यावरून बनवल्याचं साल काढता येतं. म्हणून शिक्क्यावर सँडपेपर कधीही फिरवायचा नाही. मी सुरुवातीला एका सुंदर पाइपचा शिक्का घासून पुसट केला, आणि त्याची ओळख कायमची गेली. आजही तो हातात घेतला की वाईट वाटतं.

तोंडात धरायची नळी हिरवट-तपकिरी दिसली तर घाबरू नका. ती बहुधा व्हल्कनाइटची, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराची असते. ऊन आणि हवा लागून तिचा रंग उतरतो. आधी ओला सँडपेपर, मग बारीक, मग आणखी बारीक. हळूहळू काळी झळाळी परत येते. नळी घट्ट बसली असेल तर जोर लावू नका, देठी तडकते. तासभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग हलकेच पिळून बघा.

वाडग्यातला, म्हणजे तंबाखू भरायच्या खोलगट भागातला काजळीचा थर खरवडताना लाकूड उघडं पाडायचं नाही, साधारण मिलिमीटरभर राहू द्या. कुबट वास जात नसेल तर आत मीठ भरून ड्रॉपरने शुद्ध अल्कोहोल सोडा आणि रात्रभर ठेवा. सकाळी मीठ तपकिरी झालेलं असतं! अल्कोहोल बाहेर ओघळू देऊ नका, वरचं पॉलिश उतरतं.

शेवटी चमक आणायला कार्नोबा या वनस्पतीजन्य मेणाचा पातळ हात. सरावासाठी आधी स्वस्तातला, बिननावाचा पाइप घ्या.