रशियन व्याकरण मराठीतूनच समजून घ्या

तुमचा प्रश्न असा, की रशियन लिपी वाचता येते, पण इंग्रजी पुस्तकातला सहा विभक्तींचा तक्ता पाहून पुढे जाववत नाही. व्याकरण कुठून धरावं? मी नवख्यांना रशियन शिकवतो. माझं ठाम मत आहे की ते इंग्रजी पुस्तक सध्या बाजूला ठेवा. त्यात पानंच्या पानं खर्चून जे समजावलेलं असतं, त्यातलं बरंच आपण रोज बोलतो.

लिंगं तीनच, आणि ओळखायला आपल्यापेक्षा सोपी. शेवटी व्यंजन असलं तर पुल्लिंग (स्तोल, म्हणजे टेबल), 'आ' असला तर स्त्रीलिंग (क्नीगा, म्हणजे पुस्तक), 'ओ' असला तर नपुंसकलिंग (अक्नो, म्हणजे खिडकी). मृदुचिन्हाने (ь, आधीचं व्यंजन मऊ करणारं अक्षर) संपणारे शब्द मात्र लिंगासकट पाठ करा.

आता विभक्ती. 'मी टेबल बघतो' पण 'मी भावाला बघतो', असंच आपण म्हणतो ना? रशियनमध्येही पुल्लिंगी निर्जीव नाम जसंच्या तसं राहतं, सजीव बदलतं: या वीझू स्तोल, पण या वीझू ब्राता ('या' म्हणजे मी). 'मला मॉस्को आवडतं' हे तर हुबेहूब, म्न्ये न्रावित्सा मस्क्वा. ज्याला आवडतं तो चतुर्थीत, आवडलेली गोष्ट प्रथमेत. 'पेनने लिहितो' मधला 'ने' तिथे नामाच्या शेवटातच येतो, वेगळा शब्द लागत नाही.

भूतकाळात सावध राहा. इवान चिताल (वाचत होता), आन्ना चिताला (वाचत होती); 'तो बसला, ती बसली' सारखंच वाटतं. पण 'इवानने पुस्तक वाचलं' म्हणताना आपलं क्रियापद पुस्तकामागे जातं. रशियनमध्ये ते कर्त्याला सोडत नाही: इवान प्रचिताल क्नीगू. क्नीगा स्त्रीलिंगी, तरी क्रियापद पुल्लिंगीच.

हे 'प्रचिताल' नीट पाहा, खरी मेहनत इथेच आहे. जवळजवळ प्रत्येक क्रियेला दोन क्रियापदं असतात. 'चिताल' म्हणजे वाचत होता, 'प्रचिताल' म्हणजे वाचून काढलं. दुसऱ्या प्रकाराला वर्तमानकाळच नसतो. 'या प्रचितायू' दिसतं वर्तमानासारखं, अर्थ मात्र 'मी वाचून काढेन'. म्हणून पहिल्या दिवसापासून जोडीच पाठ करा: चितात्–प्रचितात्, पिसात्–नपिसात् (लिहिणं). काही जोड्या दिसायला अगदी वेगळ्या असतात, जसं 'बोलणं–सांगणं' साठी गवरीत्–स्कझात्.

विभक्तींचा क्रम मी असा ठेवेन: आधी सप्तमी (या झिवू व् मस्क्वे, मी मॉस्कोत राहतो), मग द्वितीया, मग षष्ठी. षष्ठीला घाई करू नका. 'चा-ची-चे' एवढंच तिचं काम नाही. 'माझ्याकडे पुस्तक नाही' मधलं पुस्तकही षष्ठीत जातं: ऊ मिन्या न्येत क्नीगी. दोन ते चार आकड्यांनंतर एकवचनी षष्ठी, द्वा स्तला. पाचापासून अनेकवचनी, प्यात् स्तलोफ. आणि एकवीसला पुन्हा साधं 'स्तोल'. इथे मराठी मदतीला येत नाही. बाजारातल्या वस्तू मोठ्याने मोजत हे तोंडात बसवावं लागतं.