जाहीर टीका झेलताना नटांकडून कोणते गुण शिकावेत?

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते म्हणजे टीका भूमिकेवर आहे की माणसावर, हे ओळखणं. निळू फुल्यांचा खलनायक इतका खरा वाटायचा की गावोगावच्या बायका त्यांना शिव्या घालत. त्यांनी ती कामाची पावती मानली. प्रत्यक्षात ते सेवादलातून आलेले, समाजकार्यात रमणारे साधे गृहस्थ.

ठामपणाही हवाच. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’ या नाटकावर अश्लीलतेचा आरोप झाला, प्रयोग थांबले. त्यात चंपाचं काम करणाऱ्या लालन सारंग यांनी भूमिका सोडली नाही. दिग्दर्शक कमलाकर सारंग कोर्टात गेले आणि नाटक पुन्हा उभं राहिलं.

आमच्या गोव्यात तर टीका दारापर्यंत येते. फोंडा, डिचोली, पेडण्याकडे जत्रेत हौशी मंडळी रात्री नाटक करतात आणि दुसऱ्या दिवशी बाजारात भाजी घेताना ‘काल तुझे शब्द मागे ऐकूच येईनात’ असं तोंडावर ऐकतात. मुरलेला नट तिथे माईकला दोष देत नाही. ‘कुठल्या प्रवेशात?’ एवढंच विचारतो. ऑफिसात साहेबांनी चूक दाखवली की तुम्हीही आधी असंच नेमकं विचारून बघा.