मंद प्रकाशात छायाचित्रणासाठी रेंजफाइंडर चांगला की डीएसएलआर?

फ्लॅश न वापरता, कॅमेरा हातात धरूनच छायाचित्रे घ्यायची असतील, तर ३५ किंवा ५० मिमीच्या लेन्सपुरता माझा कौल रेंजफाइंडरला, म्हणजे लेन्सऐवजी वेगळ्या खिडकीतून दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याला, आहे. डीएसएलआरमध्ये, म्हणजे आरशाच्या साहाय्याने लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात, शटर उघडण्याआधी आरसा वर उचलला जातो आणि शटरचा वेग १/१५ सेकंदाच्या आसपास असेल तर त्याचा हादरा चित्रात उतरू शकतो. रेंजफाइंडरमध्ये हा आरसाच नसल्याने, कोपरे छातीशी घट्ट धरून श्वास रोखला, तर १/८ सेकंदालाही बऱ्यापैकी स्पष्ट चित्र मिळते. शिवाय त्यात आपण लेन्समधून पाहत नसल्यामुळे लेन्स एफ/४ ची, म्हणजे कमी प्रकाश आत घेणारी, असली तरी दृश्य उजळच दिसते, आणि मधल्या चौकोनातील दोन प्रतिमा, समजा निरांजनाची ज्योत किंवा चष्म्याची कड, एकमेकींवर बसल्या की फोकस झाला.

मात्र रंगमंचावरील नृत्य १३५ मिमीच्या लेन्सने टिपायचे असेल, तर रेंजफाइंडरचा हट्ट धरू नये; तिथे डीएसएलआरचा आपोआप होणारा फोकस कामी येतो. २०१२ च्या कॅनन ६डी या डीएसएलआरचा मधला फोकसबिंदूसुद्धा उणे ३ ईव्हीपर्यंत (ईव्ही हे प्रकाशाच्या पातळीचे माप), म्हणजे साधारण पौर्णिमेच्या चांदण्यात, आपोआप फोकस साधतो. चित्रातील नॉइज (दाणेदारपणा) मात्र सेन्सरवर अवलंबून असतो, कॅमेऱ्याच्या या प्रकारावर नव्हे.