'डिड यू वेंट?' कुठे चुकतं?

प्रश्न : बर्डीवर रेडीमेड कपड्यांच्या दुकानात काम करतो. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांशी इंग्रजीत बोलावं लागतं. उत्तरं जमतात, प्रश्न विचारताना अडतो. 'डिड यू वेंट टू रामटेक?' म्हटलं तर मुलगी हसते. गोष्ट कालची, मग 'वेंट' का नको?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : 'डिड' म्हणालात तेव्हाच भूतकाळ सांगून झाला. इंग्रजीत तो एकाच क्रियापदावर बसतो. 'डिड'ने उचलला की मागचं मूळ रूपात येतं : 'डिड यू गो टू रामटेक?' 'डज'चंही तसंच. 'शी लाइक्स'मधला शेवटचा 'स' 'डज'मध्ये जातो, म्हणून 'डज शी लाइक धिस कलर?'

खरी अडचण मराठीच्या सवयीची आहे. 'तुम्ही रामटेकला गेलात' यापुढे 'का' लावला की प्रश्न तयार. नुसता सूर चढवला तरी भागतं. शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत मात्र कर्त्याच्या आधी सहायक क्रियापद यावं लागतं. तेव्हा आधी साधं वाक्य मनात म्हणा आणि त्यात इज, आर, वॉज, कॅन, विल, हॅव असं एखादं सहायक क्रियापद आहे का पाहा. असेल तर तेच पुढे आणा : 'यू कॅन वेट'चं 'कॅन यू वेट?' सहायकं दोन असतील तर पहिलंच हलवा : 'हॅव यू बीन वेटिंग?' काहीच नसेल तरच डू, डज, डिड. 'हॅव'पाशी जरा सांभाळा. सुटे पैसे आहेत का, असं विचारताना ते मुख्य क्रियापद असतं, म्हणून 'डू यू हॅव चेंज?'

व्हॉट, व्हेअर सगळ्यांच्या आधी येतात, पण अदलाबदल त्यांनी टळत नाही. 'व्हेअर यू आर गोइंग?' आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. हवं 'व्हेअर आर यू गोइंग?' तुम्हाला दिवसातून दहादा लागेल असा प्रश्न : 'व्हॉट साइज डू यू वेअर?'

'हू' स्वतःच कर्ता असेल तर 'डिड' लागत नाही : 'हू टोल्ड यू?' तुम्ही कोणाला सांगितलं, हे विचारायचं तर मात्र 'हू डिड यू टेल?'

एवढं जमलं की नवी चूक सुरू होते : 'कुड यू टेल मी व्हेअर इज द मेट्रो स्टेशन?' इथे 'कुड यू'नेच प्रश्न झालेला असतो. पुढचा भाग साध्या वाक्यासारखा राहतो, 'इज' शेवटी : 'कुड यू टेल मी व्हेअर द मेट्रो स्टेशन इज?'