गाण्यात एआय वापरलंय, श्रेय कसं लिहू?

गाणं अपलोड करण्याआधी विचारलंस, हे उत्तम. सध्या एवढंच सांभाळ:

- काम चालू असतानाच टिपून ठेव: कुठलं टूल, कुठली आवृत्ती, कशासाठी. नंतर हमखास विसरायला होतं.
- नुसतं 'एआयच्या मदतीने' लिहू नकोस, त्यातून काहीच कळत नाही. 'कोरसचा आवाज एआयचा. शब्द, चाल माझी' असं नेमकं लिही. स्पॉटिफायने २०२५ मध्ये जाहीर केलेली डीडीईएक्सची (संगीत उद्योगात माहिती नोंदवण्याचे नियम ठरवणारी संस्था) पद्धतही आवाज, वाद्यं आणि पोस्ट-प्रॉडक्शन वेगवेगळं नोंदवते.
- गीतकार-संगीतकाराच्या रकान्यात टूलचं नाव नको. तिथे माणसंच.

किरकोळ नॉइज काढलास म्हणून घाबरून यादी लांबवू नकोस. मात्र कुणाच्या आवाजाची नक्कल असेल, तर श्रेय पुरत नाही. आधी त्याची लेखी परवानगी घे.