स्नायूंचे प्रकार, रचना आणि काम काय? नव्यानं व्यायाम केल्यावर अंग दुखतं ते लॅक्टिक ॲसिडमुळेच ना?

शेवटचं ते ‘लॅक्टिक ॲसिडमुळेच ना?’ वाचलं आणि हातातल्या वह्या बाजूला ठेवल्या. नाही, त्यामुळे नाही. व्यायाम थांबला की साधारण तासाभरात रक्तातलं लॅक्टेट (लॅक्टिक ॲसिडचंच शरीरातलं रूप) पूर्वपदावर येतं. अंग धरतं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. तासाभरात निघून गेलेल्या पाहुण्यावर परवाच्या चोरीचा आळ कसा घ्यायचा?

प्रकार तीन: हाडांना जोडलेले, आतड्या-रक्तवाहिन्यांतले मृदू आणि हृदयाचे. पहिले तेवढे आपल्या हुकमात, बाकीचे आपल्याला विचारत नाहीत. मृदू आणि हृदयाच्या स्नायूंबद्दल दुसऱ्या कुणी लिहा, मी मांडीवर येते.

मांडीचा स्नायू म्हणजे तंतूंच्या जुड्या. एकेक तंतू ही एक लांबलचक पेशी, तिच्यात मायोफायब्रिल नावाचे बारीक दोर, त्यात सार्कोमिअरची, म्हणजे आखडणाऱ्या छोट्या कप्प्यांची, रांग. त्या कप्प्यांत ॲक्टिन या प्रथिनाचे बारीक धागे मायोसिन या दुसऱ्या प्रथिनाच्या जाड धाग्यांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो. धागे स्वतः आखूड होत नाहीत. १९५४ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाच्या एकाच अंकात हक्सली आडनावाच्या दोन शास्त्रज्ञांनी आपापल्या सहकाऱ्यांसह हे वेगवेगळं मांडलं. दोघे नात्यातले नव्हते, मुलं दरवर्षी विचारतात.

दुखणं येतं ते स्नायू भार पेलत ताणला जातो तेव्हा. आमच्या बडोद्याजवळचा पावागड डोंगर चढताना धाप लागते, पण मांड्या धरतात त्या पायऱ्या उतरल्यामुळे. बैठकीत खाली जातानाही हेच. सार्कोमिअर विस्कटतात, सूज येते आणि मग जिना नकोसा होतो.

आता आमच्या घरचं. मुलगा अकरावीत असताना दिवाळीला धाकटे दीर आले. त्याला सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये नेऊन गामा पहिलवानानं उचलला म्हणतात तो दगड दाखवला आणि घरी येऊन गच्चीवर बैठका मारायला लावल्या. शंभरी कधीच उलटली होती, तरी भाऊजींचं ‘अजून, अजून’. पोराच्या पायांना नवरात्रातला गरबा सोडून दुसरी सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी जिना उतरता येईना. मी म्हटलं, आता पुरे. भाऊजी म्हणाले, ‘‘वहिनी, ॲसिड साचलंय. घाम काढला की निघून जाईल.’’ मी ट्यूशनला दांडिया बाजारात गेले, तेवढ्यात पुन्हा बैठका.

तिसऱ्या दिवशी लघवी काळ्या चहाच्या रंगाची. सासूबाई म्हणाल्या उष्णता झाली, धण्याचं पाणी द्या. मी रिक्षा बोलावली. सीपीके (स्नायू फाटले की रक्तात वाढणारं एन्झाइम) इतका वर होता की लॅबनं पुन्हा तपासून मगच रिपोर्ट दिला. फाटलेल्या तंतूंमधलं मायोग्लोबिन हे प्रथिन रक्तात उतरतं आणि किडनीला जड जातं. सलाईन लावली, वेळेवर पोचल्यामुळे किडनी वाचली.

भाऊजींचं म्हणणं आजही तेच: ‘‘हल्लीची पोरं नाजूक.’’ अहो, ज्या बडोद्यात जुम्मादादा व्यायाम मंदिर ही जुनी व्यायामशाळा आहे, तिथले व्यायामगुरू माणिकराव यांचं नाव आहे, तिथे राहून हे बोलता? जाणता उस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी कधीच पिळून काढत नाही. तोच व्यायाम थोडा करून काही दिवसांनी पुन्हा केला, की स्नायू कमी दुखावतो. आकडा त्या बेतानं वाढवायचा असतो. आणि लॅक्टेट घामावाटे काढून टाकायची घाण नाही. हृदय ते इंधन म्हणून जाळतं, यकृत त्याची पुन्हा साखर करतं.

हे वाचून व्यायामच सोडू नका. साधं अंग धरणं तीन-चार दिवसांत जातं, हलकं चाललेलं बरं वाटतं. पण लघवी गडद झाली, पाय सुजून ताठ झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. उन्हात, पाणी न पिता किंवा कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या चालू असताना धोका वाढतो, तेव्हा गोळ्यांचं नाव डॉक्टरांना आधी सांगा.