चॅनेल म्हणजे ‘वाहिनी’ की आणखी काही?

परभणीहून अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थिनीने विचारलंय: जहाज आणि किनारा यांच्यातल्या बिनतारी संपर्कावर मी मराठीत लेख लिहितेय, ‘चॅनेल मॉडेलिंग’ला ‘वाहिनी-प्रतिमान’ म्हटलं तर चालेल का?

माझं मत: नको. ‘वाहिनी’ शब्दात खोट नाही, संस्कृतात तो नदीलाही आहे आणि सैन्यालाही. पण आज वाहिनी म्हटलं की टीव्हीच डोळ्यांपुढे येतो. जहाजावरच्या रेडिओला तसा, म्हणजे ठरलेल्या वारंवारितेचा, अर्थ लागतोही: संकटात हाक द्यायची ती वाहिनी क्रमांक १६, म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. तिथे खुशाल ‘वाहिनी’ लिहा.

मॉडेलिंगमधलं चॅनेल निराळं. एका अँटेनातून निघालेल्या लहरीचं दुसऱ्या अँटेनाला पोचेपर्यंत जे जे होतं, ते सगळं मिळून चॅनेल. इंग्रजीतले चॅनेल आणि कॅनॉल हे दोन्ही शब्द लॅटिन ‘कनालिस’वरून आलेत, आणि जायकवाडीच्या कालव्याखाली शेती असलेल्याला ही गोष्ट लगेच कळेल. मुखाशी सोडलेलं पाणी आणि टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याच्या चारीत पडलेलं पाणी कधीच सारखं नसतं. मधे झिरपा, गळती, चोरून उपसा. पाण्याच्या या पाळीला टेलला किती पोचेल याचा आधीच मांडलेला हिशेब, तेच मॉडेलिंग.

समुद्रावरच्या कालव्याला काठ मात्र नसतात. एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून. दोघींचे उंचवटे जुळले तर जोर वाढतो. एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यात पडला की आवाज पार बसतो. जहाज पुढे सरकलं, लाटेवर डोललं, की हा मेळ बदलतो. शिवाय पाण्यालगतच्या हवेत बाष्प दाट आणि वर गेलं की झपाट्याने कमी. त्यामुळे उच्च वारंवारितेच्या लहरी खाली वाकत, त्या थरात कोंडून, क्षितिजापलीकडेही जातात. हा ‘इव्हॅपोरेशन डक्ट’. याला मी ‘बाष्पपाट’ म्हणेन. पाण्याचा पाट आपण पाहिलेला असतो, म्हणून हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

तेव्हा चॅनेलला ‘संदेशमार्ग’ घ्या आणि मॉडेलिंगला ‘संदेशमार्गाचं गणिती प्रतिमान’. लांबट आहे, पण चुकीचं चित्र उभं करत नाही. आणि एक: लहरींचा मेळ बदलून सिग्नल असा कमीजास्त होतो, त्या ‘फेडिंग’ला ‘क्षीणन’ लिहू नका. अंतर वाढेल तसा जोर घटत जाणं, ते क्षीणन. फेडिंगमध्ये सिग्नल पडतो तसा उठतोही. त्याला साधं ‘चढउतार’ लिहा.